कंबर दुखते की पाय? मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या कंबरदुखीच्या रुग्णाच्या हातात एमआरआयची मोठी पिशवी असते आणि कानांत दोन वाक्ये घुमत असतात: ‘गादी सरकली आहे, नस दबली आहे’ आणि ‘मणके फिक्स करावे लागतील’. घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘स्क्रू टाकायचे ठरले’ असे होऊन जाते. मग गावातला एक जण सांगतो की अशा ऑपरेशननंतर अमका अंथरुणाला खिळला, दुसरा सांगतो की तमका महिनाभरात मोटारसायकल चालवू लागला. दोघेही खरे बोलत असतात, कारण ‘मणक्याचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या शस्त्रक्रिया मोडतात आणि त्या वेगवेगळ्या आजारांसाठी केलेल्या असतात. माझ्या मोठ्या काकांच्या वेळी हा घोळ आम्ही घरात तीन महिने घातला. त्या वेळी कोणत्या क्रमाने विचार केला असता तर बरे झाले असते, तो क्रम पुढे दिला आहे. हा लेख कमरेच्या मणक्यांपुरता आहे. मानेच्या मणक्यांचे हिशेब वेगळे असतात.

आधी हे पाहा: थांबण्याइतका वेळ आहे का?

लघवी अडकणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणे किंवा पाऊल वर उचलता न येता चप्पल गळून पडू लागणे, यांपैकी काहीही नव्याने सुरू झाले असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी एमआरआय आणि शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. मज्जातंतूंचा गुच्छ दाबला गेल्याची ही लक्षणे असतात आणि तिथे दिवसांचे नव्हे, तासांचे महत्त्व असते.

दुसरा गट तितका घाईचा नसला तरी दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. संध्याकाळचा ताप, उतरत चाललेले वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, अशा वेळी आधी कारण शोधावे लागते. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही आढळतो. त्याचा मुख्य उपचार औषधांचा असतो, तो साधारण वर्षभर चालतो आणि सरकारी कार्यक्रमातून ती औषधे मोफत मिळतात. मज्जारज्जूवर दाब आला असेल किंवा कणा कोसळत असेल तेव्हाच शस्त्रक्रियेची गरज पडते. गंमत म्हणजे मणके जोडण्याची शस्त्रक्रिया मुळात या क्षयरोगापायीच पुढे आली. १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोन शल्यविशारदांनी ती स्वतंत्रपणे मांडली. साध्या कंबरदुखीसाठी तिचा वापर बराच नंतर वाढला.

शस्त्रक्रिया नेमके काय करते, हे समजून घ्या

फ्युजन म्हणजे दोन किंवा अधिक मणक्यांमधली हालचाल कायमची बंद करून त्यांचे एक हाड बनवणे. सर्जन खराब झालेली गादी काढून तिच्या जागी बहुधा एक लहानसा पिंजरा बसवतो, त्यात व आजूबाजूला रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचे किंवा काढलेल्या हाडाचे तुकडे भरतो आणि वरच्या-खालच्या मणक्यांत स्क्रू घालून ते सळईने बांधतो. आंब्याचे किंवा बोरीचे कलम ज्याने बांधले आहे त्याला हे लगेच समजेल. स्क्रू आणि सळई म्हणजे कलमाला गुंडाळलेली पट्टी; खरे काम जोड जीव धरण्याचे, आणि त्याला सहा महिने ते वर्षभर लागते. कलम धरलेच नाही तर पट्टी कितीही घट्ट असो, आज ना उद्या ढिली होते. इथे स्क्रू ढिले होतात किंवा तुटतात.

दुसरी गोष्ट अशी की जोडलेल्या मणक्यांची हालचाल बंद झाल्यावर वाकण्याचा ताण वरच्या आणि खालच्या सांध्यांवर जातो. तिथे पुढे नवा त्रास उद्भवू शकतो आणि काही रुग्णांना काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. वयाच्या चाळिशीत फ्युजन करून घेणाऱ्याने पुढच्या तीस वर्षांचा विचार करावा, तो याचसाठी. फ्युजन हालचाल थांबवते, वेदना नव्हे. वेदना थांबेल ती केवळ तेव्हाच, जेव्हा ती त्या विशिष्ट सांध्याच्या हालचालीमुळे किंवा तिथे दबलेल्या नसेमुळे येत असेल.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न

काकांना तिसऱ्या डॉक्टरांनी खुर्चीवर बसवून अहिराणीतच विचारले, “कंबर जास्ती दुखस का पाय?” आधीच्या दोन ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. एका ठिकाणी तर पायांना हातही न लावता, नुसती फिल्म उजेडासमोर धरून, ‘उद्या दाखल व्हा’ असे सांगण्यात आले होते.

स्वतःच्या दुखण्याची शंभर पैशांत वाटणी करावी: कमरेत किती पैसे आणि नितंबाच्या खाली, मांडी-पोटरी-पावलात किती. पायातले दुखणे अधिक असेल, ते ठराविक पट्ट्यातून उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर नस दबली असण्याची शक्यता मोठी असते आणि दबाव काढल्यावर बरे वाटण्याची शक्यताही चांगली असते. चालताना काही अंतरावर दोन्ही पाय भरून येतात, थांबून ओट्यावर बसले किंवा पुढे वाकले की उतरतात, सायकल चालवताना मात्र काही होत नाही, हे मज्जामार्ग, म्हणजे मणक्यांमधून नसा जाणारी पोकळी, अरुंद झाल्याचे नेहमीचे चित्र आहे. (तंबाखू आणि मधुमेह असलेल्यांत पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यानेही चालताना पोटऱ्या भरतात, म्हणून पायाच्या नाड्या तपासून घेणे विसरू नये. खुब्याचा संधिवातही कंबरदुखीचे सोंग घेऊन येतो.)

उलट शंभरातले ऐंशी-नव्वद पैसे कमरेतच असतील, पायात काही उतरत नसेल आणि एमआरआयवर ‘गादी झिजली आहे’ एवढेच असेल, तर फ्युजनकडून मिळणारा फायदा अनिश्चित असतो. माझ्या मते निम्म्या चुकीच्या अपेक्षा इथेच जन्माला येतात. पायासाठी केलेल्या शस्त्रक्रियेकडून लोक कमरेचा हिशेब मागतात.

फिल्म आणि शरीर जुळते का?

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरण्याआधी एक आकडेवारी लक्षात ठेवावी. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली आणि ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. गादी फुगलेली दिसण्याचे प्रमाण विशीत ३० टक्के, तर ऐंशीत ८४ टक्के होते. म्हणजे ‘मणक्यात गॅप’ आणि ‘गादी बाहेर’ हे शब्द केस पांढरे होण्यासारखे आहेत; ते आहेत म्हणून तेच दुखतात असे नाही.

म्हणून तीन गोष्टी एकाच जागी बोट दाखवतात का, ते पाहावे. पहिली, तुम्ही सांगता ती वेदना. दुसरी, डॉक्टरांनी पाय उचलून, टाचेवर व चवड्यावर चालवून, प्रतिक्षिप्त क्रिया आणि संवेदना तपासून काढलेला निष्कर्ष. तिसरी, फिल्म. अंगठा वर उचलण्याची ताकद कमी, बधिरपणा पावलाच्या वरच्या भागावर आणि फिल्मवर एल-४ व एल-५ (कमरेचा चौथा व पाचवा मणका) यांच्यामधली नस दबलेली, असे जुळले तर पाया भक्कम आहे. फिल्म उजवीकडे दाखवते आणि दुखते डावीकडे, असे असेल तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी थांबावे.

फ्युजन सुचवले असेल तर उभे राहून, पुढे आणि मागे वाकून काढलेला एक्स-रे झाला आहे का, हे विचारावे. एमआरआय आडवे झोपून काढतात. आडव्या माणसाचा सरकता मणका जागच्या जागी बसलेला दिसू शकतो. मणका दुसऱ्यावरून सरकण्याच्या आजारात सरकण्याचे प्रमाण टक्क्यांत मोजतात: २५ टक्क्यांपर्यंत पहिली श्रेणी, ५० पर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी व चौथी. पहिल्या श्रेणीतला, वाकताना न हलणारा मणका आणि हलणारा मणका यांच्या निर्णयात मोठा फरक असतो. हा एक्स-रे स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही होतो. तो न काढता स्क्रूंपर्यंत पोहोचलेली प्रकरणे पाहिली की वाईट वाटते.

कोणासाठी, कोणासाठी नाही

अस्थिर अस्थिभंग, कणा खिळखिळा करणारा संसर्ग किंवा गाठ, वाढत जाणारा मोठा बाक, आणि हलणाऱ्या सरकत्या मणक्यासोबत दबलेली नस, या ठिकाणी फ्युजनची बाजू मजबूत असते. पहिल्यांदाच गादी बाहेर आल्याने पायात कळ असेल तर बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतार पडतो आणि न पडल्यास फक्त गादीचा बाहेर आलेला तुकडा काढणे सहसा पुरते. तिथे स्क्रू कशासाठी, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे.

मधला प्रदेश वादाचा आहे आणि तो वाद प्रामाणिक आहे. केवळ कंबरदुखीसाठी झालेल्या चाचण्या पाहा. २००१ च्या स्वीडनमधील २९४ रुग्णांच्या चाचणीत फ्युजन केलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी सुधारणा सांगितली, न केलेल्यांपैकी २९ टक्क्यांनी. परंतु दुसऱ्या गटाला नेहमीची, विस्कळीत फिजिओथेरपीच मिळाली होती. नॉर्वेत २००३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००५ मध्ये दुसऱ्या गटाला नीट आखलेला व्यायाम आणि वेदनेची भीती घालवणारे मार्गदर्शन दिले, तेव्हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. ब्रिटनच्या ३४९ रुग्णांच्या चाचणीत रोजच्या कामांतली अडचण मोजणाऱ्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर तो चारेक गुणांचा उरला. याच पुराव्यांच्या आधारे ब्रिटनच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत, साध्या कंबरदुखीसाठी संशोधनाबाहेर फ्युजन देऊ नये असे म्हटले आहे.

मज्जामार्ग अरुंद होऊन मणका थोडा सरकला असेल, तेव्हा नुसता दाब काढावा की दाब काढून मणके जोडावेत, यावर २०१६ मध्ये दोन चाचण्या एकदमच प्रसिद्ध झाल्या आणि त्यांनी वेगवेगळी उत्तरे दिली. अमेरिकेतील ६६ रुग्णांच्या चाचणीत जोडलेल्यांचे जीवनमान थोडे अधिक सुधारले व त्यांना पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागली. स्वीडनमधील २४७ रुग्णांत जोडण्याचा जादा फायदा दिसला नाही. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेतील २६७ रुग्णांच्या चाचणीत नुसता दाब काढणे दोन वर्षांनंतर कमी पडले नाही. म्हणून ‘माझ्या बाबतीत फक्त दाब काढून का भागणार नाही?’ हा प्रश्न सर्जनला विचारावा. चांगला सर्जन रागावत नाही. तो एक्स-रे काढून मणका कुठे हलतो ते दाखवतो.

बिनशस्त्रक्रियेचा उपाय खरेच झाला आहे का?

‘सगळे करून पाहिले’ असे सांगणाऱ्याने काय काय केले ते कागदावर लिहावे. बहुधा यादी अशी निघते: दहा दिवस शेक, महिनाभर गोळ्या, कुणा हाडवैद्याकडून मणका ‘बसवून’ घेणे, दोन इंजेक्शने आणि रात्रंदिवस कमरेचा पट्टा. यात व्यायाम कुठेच नसतो. पाठ-पोटाचे स्नायू बळकट करणारा, दर दोन आठवड्यांनी वाढवत नेलेला व्यायाम आणि रोजचे चालणे किमान तीन महिने, केवळ कंबरदुखी असेल तर सहा महिने, हा खरा प्रयत्न. पट्टा दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळशी होतात. हाडवैद्याकडून झटका देऊन मणका बसवून घेणे, विशेषतः पायात अशक्तपणा असताना, धोक्याचे आहे.

कामाकडेही पाहावे. केळीचा वीस-पंचवीस किलोंचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून चालणे, पाठीवर भरलेला फवारणी पंप आणि दिवसभर वाकून कापूस वेचणे हे कमरेला महागात पडते. घड दोघांनी दांड्यावर उचलणे, पंप अर्धा भरणे, वेचणीत दर अर्ध्या तासाने उभे राहून पाठ मागे ताणणे, हे उपाय कुणी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देत नाही.

तुमचे हाड जोड धरेल का?

इथे तंबाखूचा मुद्दा मी मुद्दाम लांबवणार आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते आणि नवे हाड तयार होण्याच्या कामात अडथळा आणते. धूम्रपान करणाऱ्यांत जोड न धरण्याचे आणि जखम चिघळण्याचे प्रमाण वाढते. आपल्याकडे ‘मी विडी ओढत नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशात चुन्याची डबी आणि तंबाखूची पुडी असते आणि कित्येक बायका सकाळी मिश्री लावतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सर्वांना ठाऊक आहे. हे सारे निकोटीनच आहे. डॉक्टर विचारतात ‘स्मोकिंग?’, रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि केसपेपरवर ‘नाही’ चढते. शस्त्रक्रियेच्या निदान सहा आठवडे आधी आणि नंतर निदान तीन ते सहा महिने सर्व रूपांतली तंबाखू बंद ठेवणे शक्य नसेल, तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणेच शहाणपणाचे. काकांनी पुडी सोडायला दोन महिने घेतले. तारीख त्याप्रमाणे पुढे गेली आणि त्याचा फायदाच झाला.

याशिवाय तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. पाळी गेलेल्या स्त्रियांनी व स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी करावी, कारण ठिसूळ हाडात स्क्रू भिंतीतल्या खिळ्यासारखा सैल होतो. ‘गुडघ्यासाठी’ म्हणून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, तेही डॉक्टरांना सांगावे.

दुसरे मत आणि विचारायचे प्रश्न

दुसरे मत पहिल्या डॉक्टरांच्या ओळखीबाहेरचे असावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. याशिवाय लोक नाशिक, छत्रपती संभाजीनगर, मुंबई आणि नंदुरबारकडून रेल्वेने सुरतेला जातात. अहवालाचा कागद पुरत नाही, मूळ फिल्म किंवा सीडी न्यावी. घरातली एकच व्यक्ती दोन्ही ठिकाणी सोबत असावी, म्हणजे तुलना करता येते.

विचारायचे ते एवढे: कोणते मणके आणि तेच का? किती जागा जोडणार? वेदना पायातली किती जाईल आणि कमरेतली किती? हाड कुठून घेणार? तुम्ही वर्षाला अशा किती करता? तुमच्या रुग्णांत संसर्ग, नसेला इजा, मज्जेच्या आवरणाला छिद्र आणि पुन्हा शस्त्रक्रिया यांचे प्रमाण किती? आणि शेवटी, मी सहा महिने काहीच केले नाही तर काय होईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘पायाची ताकद जाईल’ असे असेल आणि तपासणीत ताकद खरोखरच घटत असेल, तर दिरंगाई करू नये. उत्तर ‘दुखत राहील’ एवढेच असेल, तर घाई तुमची आहे, आजाराची नव्हे.

पैसे

अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि त्यात स्क्रू, सळई व पिंजऱ्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि सत्तरी पार केलेल्यांसाठी २०२४ पासून आयुष्मान योजनेत वेगळे कार्ड मिळते. तुमची शस्त्रक्रिया आणि तिचे साहित्य योजनेत बसते का, हे नोंदणीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. बसवलेल्या साहित्याच्या माहितीची चिकट चिठ्ठी केसपेपरवर लावून घ्यावी. पुढे एमआरआय काढताना ती कामी येते.

करायचेच ठरले, तर घर आणि हंगाम

रुग्णालयात साधारण तीन ते पाच दिवस, दुसऱ्या दिवशी चालणे, दहा ते चौदा दिवसांनी टाके काढणे, बसून करायच्या कामाला एक ते दोन महिने, आणि ओझे उचलणे, वाकणे, कंबर पिळणे यांपासून तीन महिने कटाक्षाने दूर राहणे, असा साधारण हिशेब असतो. शेतीचे जड काम त्याहून उशिरा आणि तेही सर्जनने एक्स-रेवर जोड पाहिल्यानंतरच. म्हणून तातडी नसेल तर कापसाची वेचणी उरकून माघ-फाल्गुनात शस्त्रक्रिया केली तर खरिपाच्या पेरणीपर्यंत पहिले तीन महिने निघून जातात. मात्र मे महिन्यात भुसावळकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पट्टा बांधून बसावे लागेल, हेही गृहीत धरावे. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला कोण जाणार, हे आधीच ठरवावे. नाहीतर पाचव्या आठवड्यात रुग्णच बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो.

जमिनीवर बसून जेवणे, उकिडवे बसणे आणि देशी शौचालय हे पहिले काही महिने जमणार नाही. खुर्चीवजा कमोड, न्हाणीत बसण्यासाठी उंच स्टूल, कंबरेच्या उंचीवर हंडा ठेवायला ओटा आणि जमिनीऐवजी घट्ट गादीची खाट, एवढी तयारी दाखल होण्यापूर्वी करावी. मोटारसायकलवरून खड्ड्यांचा रस्ता निदान दोन-तीन महिने टाळावा आणि रुग्णालयातून घरी आणताना मागे टेकून बसता येईल असे वाहन घ्यावे, दर तासाला थांबून चार पावले चालवावे.

‘आता नको’ असे ठरले, तर

निर्णय पुढे ढकलणे हाही निर्णयच आहे आणि त्याला नोंदी लागतात. काकांनी घरापासून शेताच्या वाटेवरचे विजेचे खांब मोजायला सुरुवात केली होती. पाय भरून येईपर्यंत किती खांब, हे ते दर रविवारी कॅलेंडरवर लिहीत. सुरुवातीला अकरा होते. व्यायामानंतर पंधरा झाले, मग चार महिन्यांत पुन्हा नऊ, मग सहा, आणि डाव्या पावलातला अंगठा वर उचलेनासा झाला. वाकून काढलेल्या एक्स-रेत एल-४ हलत होता. ती पाने घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा बोलण्यासारखे फार काही उरले नव्हते. एकाच जागेचे फ्युजन झाले. पाय आज ठीक आहेत, ते शेतापर्यंतचे सगळे खांब ओलांडतात. कंबर अजून सकाळी आखडते, आणि ती आखडेल हे त्यांना आधीच सांगितलेले होते.